न मारलेली हाक

बुधाजींच्या घरात नुसतं भांडण कधी होत नसे. आधी त्याची नोटीस निघे, मग सभा भरे आणि मग अध्यक्षांच्या परवानगीनं रीतसर भांडण होई. गिरणीच्या सूतकताईच्या रिंग खात्यात पस्तीस वर्षं, युनियनच्या कमिटीवर बारा वर्षं आणि चाळीतल्या बुद्धविहाराचं अध्यक्षपद तहहयात, एवढी कारकीर्द पाठीशी असलेला माणूस घरात तरी साधा सासरा म्हणून कसा वावरणार? संपात गिरणीला कुलूप लागलं, कमिटी पांगली, आणि म्हाताऱ्याची सगळी घटना कलमा-उपकलमांसकट परळच्या त्या दीड खोलीत मुक्कामाला आली. त्याला आता चार वर्षं होत आली होती. कालवणात मीठ जास्त पडलं तरी त्यावर सूचक आणि अनुमोदक लागे.

शनिवारी संध्याकाळी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नोटीस लागली. कांतानं कामावरून येऊन चपला काढता काढता ती वाचली. विषय एक, मागील सभेचं इतिवृत्त. विषय दोन, मोरीची गळती. विषय तीन, विहारातील पावसाळी वर्षावासाच्या ग्रंथवाचनास घरातील स्त्रियांची गैरहजेरी. विषय चार, आयत्या वेळचे विषय. आणि त्या चौथ्याच्या पोटात, बारीक अक्षरात, संघमित्रा.

"मामंजी," कांता म्हणाली, "माझी पोर मोरीच्या खाली?"

"अजेंडा निकडीप्रमाणे असतो, सूनबाई," बुधाजी चष्म्यावरून बघत म्हणाले. "मोरी खालच्या सावंताच्या डोक्यावर गळतेय. पोर कुणाच्या डोक्यावर गळत नाही."

कांतानं काढलेल्या चपला कोपऱ्यात सरकवल्या. पोर आतल्या आत गळत होती, हेच तर तिचं म्हणणं होतं. पण ते कुठल्या कलमात बसवायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

संघमित्रा म्हणजे त्या चाळीतली बारावीला फर्स्ट क्लास आलेली पहिली मुलगी. तिचा सत्कार झाला तेव्हा बुधाजींनी पाऊण तास भाषण केलं होतं आणि तिला बोलायला वेळच उरला नव्हता. आता ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मार्चपासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. आधी तिनं रेडिओचं तोंड भिंतीकडं केलं. मग त्याला टॉवेलात गुंडाळलं. मैत्रिणी आल्या की आजीला पुढं करून "झोपलीय" म्हणून सांगायला लावी. जेवताना चवडीतली वरची भाकरी सोडून मधलीच ओढून घेई. रसायनशास्त्राचं एकच पान उघडून अख्खी दुपार बसून राही. आणि अध्येमध्ये दोन दिवस अशी छान असे, हसे, आजीच्या डोक्याला तेल लावून देई, की सगळे म्हणत, बघा, काही झालेलं नाही. या दोन दिवसांनीच घराचा घात केला होता.

निदानं मात्र घरात भरपूर होती. बुधाजींच्या मते हा अतिअभ्यास. ते तिला रोज चार बदाम मोजून देत. तिचा बाप राजाराम दादरला साडीच्या दुकानावर पहारेकरी होता आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं कारण संपात शोधायचा. त्याच्या मते हीसुद्धा मालकांचीच करणी. गुणवंतीचं, म्हणजे राजारामच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं, पोरीचं वय झालं. आणि आजी कमळाबाईंना जे वाटत होतं ते त्या घरात बोलायचीच सोय नव्हती. नजर, बाहेरचं, अंगारा, असल्या शब्दांना बुधाजींनी छप्पन साली उंबऱ्याबाहेर काढलं ते कायमचं.

कांताला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. ती परळच्याच एका मोठ्या इस्पितळात आया होती. डोळ्यांच्या विभागात, असं सगळी चाळ समजत होती. खरं तर दीड वर्षापूर्वीच तिची बदली मानसोपचाराच्या ओपीडीत झाली होती. पण "कांता वेड्यांच्यात असते" असं एकदा नळावर झालं की मुलीचं लग्न व्हायचं नाही, म्हणून तिनं डोळेच चालू ठेवले. त्यामुळं रोज सकाळी कुणी ना कुणी पापणी उलटी करून तिच्यापुढं उभं राही आणि ती ठसक्यात सांगे, "गार पाण्यानं धुवा, चोळू नका." निम्म्या चाळीचे डोळे त्यानं बरेही झाले होते, हे कबूल केलं पाहिजे.

त्या ओपीडीत तेंडोलकर नावाच्या एक तरुण डॉक्टरीण होत्या. एकदा त्या शिकाऊ पोरांना सांगत होत्या, "आपल्याकडं माणूस आणतात तेव्हा घर जळून गेलेलं असतं. आपण धूर दिसला की जायला हवं. दर वेळी आग असतेच असं नाही, बहुतेक वेळा नसतेच. पण बघायला तर जाल?" मग त्यांनी धुराच्या खुणा सांगितल्या आणि फरशी पुसणाऱ्या कांताचा हात जागच्या जागी थांबला. एकेक खूण तिच्या घरात होती. दुपारी तिनं डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी प्रश्नांचा एक सायक्लोस्टाइल कागद दिला आणि बजावलं, "ओढून आणू नका. तिला स्वतःहून येऊ दे. पण उशीर नको."

उशीर मात्र दारात येऊन उभा होता. गुणवंतीनं कल्याणचं स्थळ आणलं होतं. मुलगा टपाल खात्यात, आई-बाप नेक, आणि पुढच्या रविवारी पाहुणे बघायला येणार होते. एकदा सुपारी फुटली की संघमित्रा कल्याणला जाणार, आणि परक्या घरी तिचा रेडिओ टॉवेलात का असतो हे कोण विचारणार?

रविवारी दुपारी दोनला सभा भरली. बुधाजी खुर्चीवर, राजाराम वही घेऊन खाटेच्या कडेला, सभेसाठी आलेल्या गुणवंतीसकट बायका चटईवर. संघमित्रा पडद्यापलीकडं स्वयंपाकाच्या जागेत बसली होती. तिला बोलवावं हे कुणाच्या मनात आलं नाही. मोरीला चाळीस मिनिटं लागली. ग्रंथवाचनाच्या गैरहजेरीवर कमळाबाई एवढंच म्हणाल्या, "तुमी वाचता तवा मला झोप येते. घरीच झोपलेली बरी." तो विषय तिथंच संपला.

"आयत्या वेळचे विषय," बुधाजींनी घसा साफ केला. "बोला."

गुणवंती तयारच होती. "मी सांगते बाबा. पोरगी चार भिंतींत कुजतेय. कल्याणचं पक्कं करून टाका. नवऱ्याचं घर बघितलं की सगळं ताळ्यावर येतं. मी नाही आले?"

"तू आलीस?" राजाराम वहीतून मान वर करून म्हणाला.

"इतिवृत्त लेखकानं मधे बोलायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "अनुमोदन?"

"माझं हाय," कमळाबाई म्हणाल्या. कांता बघतच राहिली. गुणवंतीच्या नातवंडाच्या नामकरणात मानाची साडी फिकी निघाली म्हणून या मायलेकी तीन वर्षं एकमेकींशी धड बोलत नव्हत्या, आणि आज एका पारड्यात!

"माझा विरोध आहे," कांता म्हणाली. "आधी डॉक्टरला दाखवायचं. लग्न नंतर."

"कसला डॉक्टर?"

"आमच्या इस्पितळातल्या बाई आहेत. त्यांना कळतं."

"डोळ्यांच्या डॉक्टरला डोक्यातलं काय कळणार गं?" गुणवंती हसली.

कांतानं पदर खोचला. कधीतरी सांगायचंच होतं. "त्या डोळ्यांच्या नाहीत. मीपण डोळ्यांची नाही. दीड वर्ष झालं, मी मानसिकच्या ओपीडीत आहे."

मग राजारामनं आपला उजवा डोळा चोळला. "म्हणजे माझी रांजणवाडी तू..."

"गार पाण्यानं गेली ना? मग झालं तर."

"वेड्यांचा डॉक्टर!" गुणवंतीनं कपाळावर हात मारला. "कल्याणवाल्यांच्या कानावर गेलं तर? आणि आमची पोरगी काय वेडी आहे?"

"नाही, म्हणूनच न्यायचं. वेडी झाल्यावर सगळेच नेतात."

"काही नको. आये, तूच सांग हिला. तू तिला लालबागच्या त्या लिंबूवालीकडं नेलंस, तर ती काय म्हणाली? लग्न झालं की..." एवढं बोलून गुणवंतीनं जीभ चावली, पण जे सांडायचं ते सांडलं होतं.

बुधाजी खुर्चीतून सावकाश उठले. "लिंबूवाली?"

कमळाबाई चटईच्या काड्या मोजू लागल्या.

"या घरात? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात? मी विहारात अंधश्रद्धेवर बोलतो आणि माझी बायको..."

"ओरडू नगा," कमळाबाई म्हणाल्या. "मी लिंबू घेतलं, श्रद्धा न्हाय घेतली. ते उशाखाली ठेवायला सांगितलं व्हतं. मी ठेवलंच न्हाय. तुमचं भ्या वाटलं. सरबत केलं त्याचं."

"मग ते कुठं..."

"तुमीच प्यालात. गोड झालंय म्हणालात."

राजारामला ठसका लागला. बुधाजी पुन्हा खुर्चीत बसले. या मुद्द्याला घटनेत तरतूद नव्हती. कमळाबाईंनी मात्र गुणवंतीकडं जळजळीत पाहिलं आणि चटईवरून सरकत सरकत कांताच्या शेजारी जाऊन बसल्या. "माजं अनुमोदन मागं घेतलं. भरल्या सभेत आयेला उघडी पाडणारीला अनुमोदन न्हाय."

कांताला कळलं की आता नाही तर कधीच नाही. तिनं पोलक्यातून घडी घातलेला कागद काढला. "हे प्रश्न आहेत. नुसते ऐका. मग ठरवा कल्याण की काय ते."

"वाचा," अध्यक्ष खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"पहिला. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं का?"

"हो," राजाराम म्हणाला. "ब्याऐंशी साली. मालकाचा माणूस होता माझ्या मागं. हिरवा शर्ट."

"तुम्हाला नाही विचारलं!" कांता म्हणाली.

"पण ते खरं आहे," बुधाजी म्हणाले. "हिरवा शर्ट मी स्वतः पाहिलाय. घ्या इतिवृत्तात."

"दुसरा. लोक आपल्याबद्दलच बोलताहेत असं वाटतं का?"

"मला वाटतं बाई कधी कधी," गुणवंती नकळत बोलून गेली. "मी जिना चढले की बायका गप्प होतात."

"वाटतं कसलं? बोलतातच त्या," कमळाबाई म्हणाल्या. "तुज्या सोनेरी चपलांवर."

"तिसरा. जवळ नसलेल्या माणसाशी बोलता का?"

"मी सासूशी बोलते," कमळाबाईंनी सांगून टाकलं. "जित्ती व्हती तवा बोलू दिलं न्हाय तिनं. आता मी बोलते, ती ऐकते."

कांतानं कागद मांडीवर आपटला. "अहो, हे तुमच्यासाठी नाही! सगळं घर दाखल करायला आमच्याकडं खाटा नाहीत!" मग दम घेऊन तिनं पुढचा प्रश्न वाचला. "चौथा. नसलेले आवाज ऐकू येतात का?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी मसाला कुटत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"भोंगा," बुधाजी म्हणाले. आपल्या सासऱ्याचा असा लहान आवाज कांतानं याआधी कधी ऐकला नव्हता. "सकाळी सातचा. रोज ऐकू येतो मला. मी उठतो, चपला शोधतो."

राजारामची लेखणी थांबली. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. आणि त्याच वेळी पडद्यामागून हसणं ऐकू आलं. वेडंवाकडं नाही, अगदी पूर्वीसारखं, तोंडावर हात दाबूनही न थांबणारं. कांताला वाटलं, मार्चपासून हिचं असं हसणं आपण ऐकलंच नव्हतं. पडदा सरला आणि संघमित्रा बाहेर आली. डोळे पुसत ती आजोबांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"आजोबा, भोंगा ऐकू आला तरी गिरणी बंद आहे हे कळतं ना तुम्हाला?"

"चपला हातात आल्या की कळतं."

"रोज?"

"रोज."

"मलापण कळतं," संघमित्रा म्हणाली. तिचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण ते आता विरत चाललं होतं. "मला हाका येतात. माझ्या नावानं. रेडिओवरची बाई बोलताना मधेच थांबते, ती माझ्यासाठी थांबते असं वाटतं. तसं नसतं, मी सायन्सची आहे, मला कळतं. मार्चमध्ये लगेच कळायचं. आता वेळ लागतो. परवा दुपारी सुरू झालं, ते खरं नाही हे कळायला संध्याकाळ झाली." ती थांबली. "आजोबा, उद्या कळलंच नाही तर?"

बुधाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ती आईकडं वळली. "आई, मी तुला विचारते ना, हाक मारलीस का म्हणून? तू दर वेळी म्हणतेस, हो मारली. खरंच मारतेस?"

पोरगी ओट्यापाशी येऊन विचारी, आई, हाक मारलीस? आणि कांता पातेलं ढवळता ढवळता म्हणे, हो गं, मीच मारली. ओपीडीत काम करणारी बाई ती, सगळ्या खुणा पाठ झालेली. पण पोरीच्या चेहऱ्यावरची भीती बघून तिच्या तोंडून हो निघून जाई. तेवढ्यानं तिचा जीव शांत होतो, असं वाटे. त्यात तिला कधीच काही गैर वाटलं नव्हतं.

सगळे तिच्याकडं बघत होते. "नाही," कांता म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "एकदापण नाही मारली गं. तू घाबरू नयेस म्हणून बोलायचे मी."

"अगं पण मग मला वाटायचं, ही खरी होती तर बाकीच्यापण खऱ्याच असतील! मी ताडून बघत होते आई. तुझ्यावरून ताडून बघत होते." संघमित्राचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "म्हणजे माझं बरोबर होतं. ती खोटी होती हे माझं बरोबर होतं." आणि तीही रडू लागली. पण कांताला दिसलं, तिचे खांदे सैल झाले होते.

गुणवंती उठली. आता ही काय बोलते म्हणून कांतानं डोळे पुसले. गुणवंती माठातलं पाणी घेऊन आली, भाचीच्या हातात तांब्या दिला आणि बापाकडं बघून फणकाऱ्यानं म्हणाली, "कल्याणला मी कळवते, मुलीची परीक्षा आहे म्हणून. बसले काय बाबा? ठराव मांडा की!"

"पुढच्या महिन्यात, वर्षावास संपला की..." बुधाजींनी सवयीनं सुरुवात केली आणि ते मधेच थांबले. त्यांनी राजारामकडं पाहिलं. संपात ते गेटवर उभं राहून हजार माणसांना हेच सांगत होते, अजून एक महिना, फक्त एक महिना थांबा. राजाराम बापाकडं बघत होता, रागानं नाही, पण बघत होता. "नाही," बुधाजी म्हणाले. "थांबायचं नाही. थांबून काय होतं ते मी बघितलंय. उद्याच जायचं. पण हिचं मत असेल तर. काय गं?"

"जाईन," संघमित्रा म्हणाली. "फक्त आई येऊ दे. मिरवणूक नको."

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले, आणि मतदान घ्यायचं त्या दिवशी पहिल्यांदाच विसरले.

सोमवारी सकाळी कांतानं अर्धी रजा टाकली आणि दीड वर्ष जी बाकं ती पुसत आली होती त्यांतल्या एका बाकावर प्रथमच बसली. मिरवणूक नव्हती. फक्त फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बुधाजी वर्तमानपत्र उघडून बसले होते, योगायोगानं. पलीकडं कमळाबाईंना योगायोगानं त्याच रस्त्यावर कोथिंबीर घ्यायची होती. आणि ज्याची पाळी दुपारची होती तो राजाराम सकाळी नऊलाच गणवेश घालून इस्पितळाच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याला पाहून दोघा पेशंटांनी रस्ता विचारला आणि त्यानं तो बिनचूक चुकीचा सांगितला.

बाकावर गर्दी होती. कुणी पुटपुटत होतं, कुणी झोपलं होतं, एक म्हातारा मोठ्यानं पाढे म्हणत होता. संघमित्रानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ती काही विचारत नव्हती आणि कांताही काही सांगत नव्हती. कालपासून तिला आपल्या प्रत्येक शब्दाची भीती वाटत होती.

आतलं दार किलकिलं झालं आणि वॉर्डबॉयनं नाव पुकारलं.

संघमित्रा जागची हलली नाही. ती वळून आईकडं बघू लागली. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"आई, मारली?"

कांतानं या वेळी घाई केली नाही. तिनं दाराकडं पाहिलं, वॉर्डबॉयच्या तोंडाकडं पाहिलं, तो कागदावरचं नाव पुन्हा वाचत होता. मग तिनं पोरीचा हात हातात घेतला.

"मारली," ती म्हणाली. "मीपण ऐकली."

संघमित्रा उठली.